लेडी मॅनेजरची अहिंसा

६ जानेवारी, दुपार

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ महिला बास्केटबॉल स्पर्धा यंदा नागपूरला. यजमान आपण. नियम असा की मुलींच्या टीमसोबत एक लेडी मॅनेजर पाहिजेच, ती बेंचवर नसली तर टीमला खेळू देत नाहीत. नेहमीच्या मॅडम मुलीच्या बाळंतपणाला इंदूरला गेल्या. म्हणून मी. प्राचार्य म्हणाले, चारुशीलाताई, तुमच्याशिवाय दुसरं नाव डोळ्यासमोर आलंच नाही. त्या वेळी स्टाफरूममध्ये मी एकटीच बसले होते हे खरं, पण तो योगायोग.

मला बास्केटबॉल येत नाही. यायची गरजही नाही. मी मराठी शिकवते आणि कॉलेजचा संवाद व सौहार्द मंच चालवते. या खेळाला जे हवं आहे ते माझ्याकडे आहे. संयम.

६ जानेवारी, संध्याकाळ

उन्मेषला सांगितलं. नवऱ्यानं अभिनंदन करावं अशी अपेक्षा. तो म्हणाला, तू? बेंचवर? गप्प? आणि लगेच भाजीवाल्याचा विषय काढला. हातगाडीचं जे झालं ते भांडण नव्हतं. त्यानं भाजीवर सांभार, म्हणजे कोथिंबिरीच्या चार काड्या, फुकट टाकायला नकार दिला, मी गाडीला टेकले, गाडी उलटली. टेकणं हा काही गुन्हा नाही.

संकल्प: ही स्पर्धा पूर्ण अहिंसेनं पार पाडायची. आमच्या टीमकडून एकही धक्का नाही.

७ जानेवारी

हॉलवर गेले. कोच जितेंद्र सर. गळ्यात शिट्टी, बोलणं कमी. प्रॅक्टिस म्हणजे काय, तर एकमेकींना आदळणं. मुग्धा नावाची सहा फुटी पोरगी एकीवर अशी धडकली की ती घसरत बाकाखाली गेली. ओठातून रक्त, आणि हसत बाहेर आली. सॉरी नाही, काही नाही. नूपुर म्हणून एक आहे, टीममधली सगळ्यात बुटकी. तिनं मुग्धाच्या बरगडीत कोपर घातलं. सर म्हणाले, शाब्बास.

प्रॅक्टिस थांबवली, सगळ्यांना खाली बसवलं आणि अहिंसेवर बोलले. चांगलं झालं भाषण. नूपुरनं सुरुवातीलाच डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. मनन करत असावी.

कॅप्टन रितिका, भिवापूरची. तिची आई प्रयागबाई मिरचीच्या सातऱ्यावर जाते. म्हणजे वाळलेल्या मिरचीचे ढीग असतात, तिथं बसून दिवसभर देठ खुडायचे. रितिकाचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही. पहिल्या तीनात आलं तर मेडल. मेडल असलं तर पोलिसभरतीत खेळाडू कोट्यातून अर्ज करता येतो, असं तिचं म्हणणं. दोनदा भरती दिली, दोनदा थोडक्यात राहिली. भाषणातलं काय आवडलं म्हणून विचारलं. म्हणाली, मॅडम, मले फक्त मेडल पायजे.

रोखठोक मुलगी. मनात ठरवलं, हिला मेडल मी मिळवून देणार. शुद्ध मार्गानं. आणि जमल्यास तिची भाषाही शुद्ध करणार.

९ जानेवारी

माझी पद्धत सुरू केली. धक्का लागला की थांबायचं, क्षमस्व म्हणायचं, पडलेलीला हात द्यायचा. आज एका क्लबच्या मुलींशी सराव सामना ठेवला. आमच्या मुली क्षमस्व म्हणत होत्या तेवढ्यात त्या बास्केट करत होत्या. हरलो. स्कोअर लिहीत नाही, कारण तो महत्त्वाचा नाही. क्लबच्या एका मुलीनं रितिकाला जाताना विचारलं की तुमच्याकडे कोणी वारलं काय.

जितेंद्र सर बराच वेळ भिंतीला डोकं टेकून उभे होते. मग म्हणाले, मॅडम, तुम्ही बेंचवर फक्त बसा. बेंचवरून कोणी उठून दंगा केला तर टेक्निकल फाउल बसतो आणि समोरच्यांना फुकटचा फ्री थ्रो मिळतो. मी म्हटलं, सर, तुम्ही मला ओळखत नाही. ते म्हणाले, नाही ना, तेच.

नियमांचं पुस्तक दिलं त्यांनी, मराठी अनुवाद. पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घाचा सत्यानाश. लाल पेननं तपासलं. दुसऱ्या पानापुढे वाचणं सहन झालं नाही, परत केलं. नियम काय, खेळ बघता बघता कळतात.

११ जानेवारी, संध्याकाळ

पहिली मॅच. उत्तरेकडची टीम. अर्ध्या वेळेपर्यंत आमच्या मुलींचं वागणं इतकं सुसंस्कृत की प्रेक्षकही गप्प झाले. बरेच मागे होतो. मध्यंतरात रितिका माझ्याकडे न बघता पाणी प्यायली.

मग ते झालं. समोरची एक पडली. नूपुरनं माझ्या शिकवणीप्रमाणे वाकून हात दिला. ती पोरगी उठता उठता नूपुरच्या नाकावर सरळ डोकं मारून गेली. नाक फुटलं. रक्त फरशीवर टपटप. खेळ थांबवून पुसायला पोछा आणला. मी नूपुरचं डोकं मांडीवर घेतलं, साडीचा काठ भिजला. एवढंसं पोरगं, आणि मलाच म्हणते, मॅडम, क्षमस्व.

त्यानंतर मी शांत बसले. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते. आमच्या बेंचच्या आसपासून कोणीतरी सारखं ओरडत होतं, फोड तिले, फोड. अत्यंत ग्राम्य. दोन्हीकडे पाहिलं, कोण ते कळलं नाही. रेफरीही आमच्याच दिशेनं बघत होता, म्हणजे त्यालाही ऐकू गेलं असणार.

जिंकलो, चार पॉइंटनं. हॉलमध्ये धूळ फार. माझा घसा पार बसला आहे. उन्मेष गॅलरीत होता. येताना गाडी थांबवून खोकल्याच्या गोळ्या घेतल्या त्यानं, मी न सांगता.

१२ जानेवारी

सकाळभर विचार केला. अहिंसा म्हणजे मार खाणं नव्हे. समोरच्याला आपली जागा दाखवून देणं हाही एक संवादच. क्षमस्व रद्द केलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझा लवचीकपणा त्यांना भावला.

नूपुर कोपर मारते पण चुकीच्या ठिकाणी. बरगडी जिथं संपते तिथं मांस मऊ असतं, हे घरी कणीक तिंबणाऱ्या कोणालाही कळेल. सरांवर प्रात्यक्षिक करून दाखवलं. सर खाली बसले आणि काही वेळ बसूनच राहिले. एक्स-रे चांगला आला. तरी पट्टा बांधला आहे. त्यांच्या बरगड्या मुळातच नाजूक असाव्यात, मी काही जोर लावला नव्हता. नूपुर म्हणे, मॅडम, तुमी तं डेंजर निघाल्या.

१३ जानेवारी

जिंकलो. समोरच्या तिघी लंगडत गेल्या, आमच्या दोघी. नूपुर दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबून खेळली, तोंडानं श्वास घेत. एका पोरीनं तिचे केस ओढले तर हिनं तिची चड्डी ओढली. कबूल करते, मला हसू आलं.

रितिका काय खेळली आज. पाच जणींच्या खाली पालथी पडून चेंडू पोटाशी धरून राहिली. वरून लाथा, ढोपरं, सगळं. सोडला नाही. उठली तेव्हा टोंगळा, म्हणजे गुडघा, पूर्ण सोललेला. डेटॉल लावताना तोंडात टॉवेल धरायला दिला, तर तिनं टॉवेलऐवजी माझा हात चावला. चांगला चावला. वळ आहेत अजून. मी हात काढला नाही. का कोण जाणे, काढावासा वाटला नाही. नंतर सॉरी म्हणाली आणि म्हणाली, मॅडम, तुमाले लागलं काय. मी म्हटलं, बाई, तुझं मेडल झालं की मग विचार.

पोर लळा लावून राहिली आहे. (हे वाक्य शुद्ध करायचं राहिलं. असू दे.)

१४ जानेवारी, सकाळ

संक्रांत. आज क्वार्टर फायनल. रात्री तिळाचे लाडू केले, दोन्ही टीमना वाटायला. कालच्यासारखी कटुता आज नको. पाक किंचित पुढे गेला. उन्मेषनं एक लाडू बत्त्यानं फोडायचा प्रयत्न केला, खलाची कड उडाली. म्हणाला, हे वाटू नकोस. त्याला माझ्या हातचं कधी आवडलंच नाही.

१४ जानेवारी, संध्याकाळ

सामन्याआधी समोरच्या टीमला स्वतः जाऊन लाडू दिले. त्यांची मुख्य खेळाडू, चांगली उंच, मोठ्या प्रेमानं लाडू चावायला गेली आणि समोरचा अर्धा दात हातात घेऊन बसली. रक्त, रडारड. त्यांच्या मॅनेजर बाई धावून आल्या, म्हणाल्या, हे ठरवून केलं. हिंदीतून नाही नाही ते बोलल्या. मी म्हटलं, बाई, हा आमच्याकडचा सण आहे, बघा मी खाते. आणि खाल्ला. माझ्या दाढेची कॅप निघाली. कोणाला कळू न देता रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांना पश्चात्तापाचं वाटलं.

मग मॅच कसली, दंगल. त्या सूड घ्यायलाच उतरल्या होत्या. अर्धा दात असलेली तर माझ्याकडे बघून खेळत होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांच्या बेंचवरून एक लाडू आला तो मुग्धाच्या कानशिलावर. मुग्धानं तो परत केला, त्यांच्या मॅनेजर बाईंच्या चष्म्यावर. मी फक्त माझ्या डब्यात उरलेले परत केले. दिलेली वस्तू कोणी नाकारली तर हिशोब पूर्ण करावा, एवढंच. रेफरींनी खेळ थांबवून झाडू मागवला.

एका बास्केटनं जिंकलो. पहिल्या चारात. रितिकानं मला उचलून गोल फिरवलं, मला, या वयात.

नंतर पॅसेजमध्ये त्या बाई भेटल्या. त्यांनी माझा अंबाडा धरला. मीही अंबाडाच धरला असता तर ती हिंसा झाली असती. त्यांची वेणी होती, मी वेणी धरली. दोघींना सोडवायला शेवटी चार वॉचमन. आयोजकांनी ताकीद दिली की पुन्हा असं झालं तर काही खरं नाही. ताकीद त्यांनाही दिली असेलच.

बाहेर गच्च्यांवर पतंगवाल्यांचा ओ काटचा कल्ला चालू होता. फार प्रसन्न वाटलं. तोंड सुजलं आहे.

१५ जानेवारी

सेमीफायनल हरलो. दक्षिणेकडची टीम. त्या मुली नव्हत्या, लोखंडी शटरं होती. आमची एक गेली की आपटून परत. मुग्धाचं बोट निखळलं. सरांनी तिला म्हटलं, वर बघ, पंखा किती वेगात फिरतो सांग. ती वर बघते तोच बोट ओढून जागेवर बसवलं. आवाज आला. मुग्धा ओरडली नाही, मी ओरडले.

त्यानंतर माझी स्टीलची पाण्याची बाटली. मी ती खाली ठेवली. जरा जोरात ठेवली असेल. ती उसळून स्कोअरच्या टेबलावर गेली आणि तिथल्या माणसाच्या मनगटावर लागली. एवढ्यावर टेक्निकल. मला चिडायचा अधिकार नाही म्हणे. मी चिडले नव्हतेच. चिडले असते तर बाटली भरलेली मारली असती.

सरांनी हात जोडले, अक्षरशः, पट्टा सांभाळत. म्हणाले, मॅडम, उद्या तब्येत बिघडू द्या. मीही मोठ्या मनानं हो म्हटलं. पण कमिटीनं सांगितलं, मॅच सुरू होताना लेडी मॅनेजर बेंचवर नसेल तर टीम बाद. म्हणजे माझ्याशिवाय उद्याची मॅचच नाही. ज्याची जिथं गरज असते तिथं तो असतोच.

उद्या तिसऱ्या जागेची मॅच. जिंकलो तर मेडल, हरलो तर काही नाही. रितिका संध्याकाळी वेगळी येऊन बोलली. म्हणाली, मॅडम, उद्या काईबी झालं तरी बसून राहाल काय. माही मायबी येऊन राहिली पाह्याले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

संकल्प: उद्या सकाळपासून मौन. तोंडच उघडायचं नाही तर प्रश्नच नाही.

१६ जानेवारी, सकाळ

मौन सुरू. उन्मेषनं चहा का कॉफी विचारलं, डोळ्यांनी चहा म्हटलं, त्यानं कॉफी दिली. मौन मोडलं नाही. कॉफी बेसिनमध्ये ओतली, कप त्याच्या वजनानं फुटला. दूधवाल्याशी झालं ते मौनात धरत नाही, तो पाणी घालतो.

प्रयागबाई भिवापूरहून पहाटेच्या बसनं आल्या. सातऱ्यावरची सुट्टी काढून. माझ्यासाठी पिशवीभर लाल मिरची. बोटं ताठ, नखांच्या कडा लाल. म्हणाल्या, बाई, माह्या पोरीवर ध्यान ठेवजा. मी मान हलवली, छातीवर हात ठेवला. त्यांना वाटलं मला बोलता येत नाही. रितिकाला हळूच विचारत होत्या, बाई मुकी हाय का वं.

बसायची व्यवस्था सरांनी केली आहे. बेंचच्या टोकाला मी, माझ्या शेजारी मुग्धा. तिचं बोट बांधलेलं, खेळणार नाही. चांगल्या हातानं तिनं माझं मनगट धरायचं, मॅच संपेपर्यंत. बिचारीला आधाराची गरज आहे. मी तयार झाले.

१६ जानेवारी, संध्याकाळ

हरलो. एका पॉइंटनं. रेफरी चोर आहे.

हात दुखून राहिला आहे. आज लिहीत नाही.

१७ जानेवारी

काय घडलं ते सगळं नीट लिहून ठेवते. उद्या कोणी विचारलं तर.

मी तीन क्वार्टर एक शब्द बोलले नाही. याचा कोणी उल्लेख करून नाही राहिलं. समोरच्या पश्चिमेकडच्या. नखं वाढवून आल्या होत्या, शंभर टक्के. आमच्या पोरींच्या दंडावर ओरखडेच ओरखडे. नूपुरचं नाक पुन्हा फुटलं, कापूस बदलला आणि पुन्हा गेली. एकीनं रितिकाच्या त्याच टोंगळ्यावर बूट ठेवला, मुद्दाम, सोललेल्या जागी. मी बघितलं. रितिकानंही बघितलं. पुढच्या वेळी ती पोरगी हिच्या वाटेत आली तेव्हा खांद्यानं अशी उडवली की ती फोटोवाल्याच्या अंगावर. फाउल झाला. रितिकाचा चौथा. पाचवा झाला असता तर बाहेर. तरी मी बसूनच. मुग्धाचा हात घामानं भिजला होता.

शेवटचे काही सेकंद. आम्ही एका पॉइंटनं पुढे. चेंडू उसळला, आमच्या बेंचकडे आला, रितिका आणि त्यांची एक दोघी त्यावर झेपावल्या. चेंडू लाइनीबाहेर. दोघी घसरत आमच्या खुर्च्यांत. रितिकाचं कपाळ खुर्चीच्या पायावर. उघडलं. माझ्या पायाशी पडली होती ती, डोळ्यांत रक्त, उठायला बघत होती.

शिट्टी वाजली. रेफरी आला. रक्तबंबाळ पोरगी आमची. आणि त्या माणसानं हात ताठ करून बोट दाखवलं, आमच्याकडे. आमच्या बेंचकडे. माझ्या तोंडासमोर.

कोणीही माणूस उठला असता. मुग्धा म्हणते मी तिचा हात पिरगाळला. तो निसटला. मी आत गेले, त्याची कॉलर धरली आणि प्रश्न विचारला. एकच प्रश्न. काहून बे भैताडा, पोरगी मरून राहिली अन् बोट आमालेच दाखवतं काय. शब्द असेच होते की नाही आठवत नाही. आशय हाच. तो काहीतरी हातवारे करत होता, रितिका मागून काहीतरी ओरडत होती, सगळा हॉल ओरडत होता. मग एक थापड बसली. माझ्या हातून बसली असं सगळे म्हणतात. शिट्टी त्याच्या तोंडात होती, ती वाजली.

मला बाहेर काढलं. त्यांना दोन फ्री थ्रो, वर चेंडूही त्यांचाच. दोन्ही आत. झालं. मी दाराच्या काचेतून बघितलं.

मॅच संपल्यावर कोणी मला एक शब्द बोललं नाही. सर नाही, मुली नाही. म्हणजे सगळ्यांना माझं पटलं आहे. अन्याय झाला की माणसं गप्प होतात.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. रेफरीविरुद्ध चार पानी तक्रार लिहिली, कमिटीला, एक प्रत कुलगुरूंना. भाषा कडक पण निर्दोष. रितिकाचं मेडल मी कागदावर परत मिळवून देते. कॅप्टनची सही लागेल म्हणून तिला उद्या घरी बोलावलं आहे. उन्मेषला वाचून दाखवली. तो म्हणाला, पोरीला येऊ दे आधी.

१८ जानेवारी, दुपार

रितिका आली होती. कपाळावर पट्टी, एक डोळा सुजलेला. प्रयागबाई खाली गेटपाशी पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या, वर आल्या नाहीत. मी बाल्कनीतून हाक मारली, त्यांनी नुसता हात केला.

रितिकानं चारही पानं उभ्यानंच वाचली. सगळी वाचली. मग पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, मॅडम, हे नका देऊ. बॉल आपला होता.

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलतात. आपण आपल्या बेंचकडच्या बास्केटवर खेळून राहिलो होतो. ज्या टीमचा बॉल, ती ज्या बाजूनं खेळते, रेफरी तिकडं बोट दाखवतो. त्यानं बॉल आपल्याला दिला होता. शेवटचा हात त्या पोरीचा लागला होता, त्यानं बरोबर पाहिलं होतं. आपल्याला फक्त बॉल आत टाकून धरून ठेवायचा होता. धरून ठेवणं तर मले जमते, म्हणाली.

मी म्हटलं, मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस. म्हणाली, सांगून राहिली होती ना मॅडम. तुमाले ऐकू नाही आलं.

रागानं बोलत नव्हती. हळूच बोलत होती, टाके ओढत असावेत. म्हणाली, मायले बास्केटबॉलमधलं काई समजत नाही. तुम्ही धावल्या तं तिले वाटलं जिंकलो. ती टाळ्या वाजवत होती. आजूबाजूच्याईनं सांगितलं तवा थांबली.

पोलिसभरतीचं विचारलं. म्हणाली, कोट्याशिवाय भरीन, होते का पाहू. नाही झालं तं सातरा हायेच.

मी तिला म्हटलं, मला एक थापड मार. खरंच म्हटलं. जोरात मार म्हटलं, मी त्या माणसाला मारली तशी. गाल पुढे केला. माझ्या घरात, माझ्या वयाच्या बाईनं. काहीतरी तर हातात यावं पोरीच्या. तिनं माझ्या गालाकडे पाहिलं. मला वाटलं मारते. मग म्हणाली, जाते मॅडम, बस चुकन. आणि वाकून पाया पडली.

मग गेली. बाल्कनीतून बघितलं. तिनं आईच्या हातातली जड पिशवी घेतली. दोघी कोपऱ्यावरून वळल्या.

तक्रार फाडली. उन्मेषनं जेवायला हाक मारली दोनदा, माझ्यानं उठवलं नाही. सकाळपासून भाजीवाला, दूधवाला, वरच्या मजल्यावरचा ड्रिलचा आवाज, सगळं नेहमीसारखं चालू आहे. कोणाचा तरी राग येईल म्हणून केव्हाची बसून राहिले. येत नाही.